६७२ चौरस फूट

स्क्वॉशचं कोर्ट जगभर एकाच मापाचं. ३२ फूट लांब, २१ फूट रुंद. उपनगरात आयुष्य काढलेल्या माणसासमोर कुणी लांबी-रुंदी टाकली की त्याच्या मनात आधी गुणाकार होतो. माझ्याही झाला होता. ६७२ चौरस फूट, तेही कार्पेट. बोरिवलीत, मुलुंडला किंवा घाटकोपरच्या पंतनगरात चार माणसांचं कुटुंब याहून लहान जागेत राहतं आणि गावाहून आलेल्या पाहुण्यांनाही ठेवून घेतं. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत एका कुटुंबाला ३०० चौरस फुटांचं घर मिळतं. असे दोन संसार त्या कोर्टात मांडले तरी ७२ चौरस फूट उरतात, आणि एवढ्या उरलेल्या जागेत आमच्याकडे मुलाची दहावीची खोली होते.

त्या कोर्टात दोनच माणसं असतात. दोन रॅकेट आणि एक काळा रबरी चेंडू, ४० मिलिमीटर व्यासाचा, वजनाला २४ ग्रॅमच्या आसपास. खिडकी नाही, खुंटी नाही, मध्ये जाळी नाही. आम्हा उपनगरवासीयांच्या नजरेला एवढ्या मोकळ्या खोलीची सवय नसते. घरात रिकामा कोपरा दिसला की तिथं दिवाण येतो, दिवाणाच्या पोटात बॅगा जातात, वर माळा होतो आणि माळ्यावर गणपतीच्या मखराचं सामान चढतं. म्हणून असेल, पण मला हा खेळ पहिल्यापासून जागेचा खेळ वाटत आला. मनगटाचा आहे, छातीतल्या दमाचा आहे, डोक्याचा तर आहेच. पण मुळात जागेचा. जागा कशी धरायची, कधी सोडायची, दुसऱ्याला कुठल्या कोपऱ्यात पाठवायचं आणि कुठं बाजूला होऊन वाट द्यायची, याचा. ज्या शहरात दहा बाय बाराच्या खोलीवरून सख्ख्या भावांचं बोलणं तुटतं, त्या शहरातल्या एखाद्या मुलानं आपली उमेदीची वर्षं या खेळाला द्यावीत, हे मला फार आतून कळतं.

उपनगरातल्या एका जिमखान्यात माझा भाचा काही वर्षं स्क्वॉश शिकत होता. त्याच्या आईची नोकरी फोर्टात, म्हणून संध्याकाळी त्याला न्यायचं-आणायचं काम माझ्याकडे. कोर्ट जुन्या घडणीचं होतं. आताच्या कोर्टांची मागची भिंत काचेची असते आणि खेळ डोळ्यांच्या पातळीवर दिसतो. तिथं चारही भिंती पक्क्या होत्या, मागच्या भिंतीत एक बुटकं दार, आणि पाहणाऱ्यांसाठी वर सज्जा. सज्ज्यातून माणूस उभा दिसत नाही. डोक्यावरचा भोवरा दिसतो, खांदे दिसतात, घामानं पाठीला चिकटलेला शर्ट दिसतो, आणि झेपेच्या वेळी पायाखालून पुढे सरकणारी त्याची सावली दिसते. चेहरा फार थोडा वेळ दिसतो. रॅली हरल्यावर माणूस छताकडे पाहतो तेवढाच. मी कितीतरी मुलांना त्यांच्या भोवऱ्यावरून ओळखायला लागले होते.

खेळ दिसायच्या आधी ऐकू येतो. जिना चढतानाच समोरच्या भिंतीवरचा ठाप-ठाप कानांवर पडतो. बाजूच्या भिंतीवर चेंडू लागला की तोच आवाज थोडा बोदा होतो. त्यात बुटांचं कुरकुरणं, आणि मधूनच पत्र्याचा खणखणाट. समोरच्या भिंतीच्या तळाशी धातूची एक पट्टी असते, तिला टिन म्हणतात. चेंडू तिला लागला की गुण गेला, आणि ते सांगायला पंच लागत नाही. सरावाच्या वेळी बंद दाराआडून किती चुका होताहेत ते जिन्यात बसूनही मोजता येतं.

चेंडूची तर वेगळीच गोष्ट आहे. थंड असतो तेव्हा तो जवळजवळ मेलेला असतो. जमिनीवर टाकला तर उसळतच नाही. मोठ्या स्पर्धांच्या चेंडूवर दोन पिवळे ठिपके असतात. तो सगळ्यांत मंद. म्हणून सामन्याआधी दोन्ही खेळाडू आळीपाळीनं तो भिंतीवर मारत राहतात, तापवतात. तापला की तोच मऊ गोळा असा सुटतो की जगातल्या सगळ्यांत ताकदवान फटक्यांचा वेग तासाला २८० किलोमीटरच्या पुढे मोजला गेला आहे. प्रतिस्पर्ध्याला हरवायला उतरलेली दोन माणसं आधी मिळून चेंडूत जीव आणतात, हे मला प्रत्येक वेळी नव्यानं आवडतं. मे महिन्यात, वातानुकूलन नसलेल्या कोर्टात, चेंडू इतका तापतो की रॅली संपता संपत नाही. जुलैत उलटं. भिंती घामेजतात, चेंडू भिंतीवरून उसळण्याऐवजी घसरतो, लाकडी फरशीवर पाय ठरत नाही. मग मार्कर टॉवेल घेऊन आत जातो आणि गुडघ्यांवर बसून फरशी पुसतो. मार्कर हा आपल्या जिमखान्यांतला खास माणूस. सकाळी कोर्ट उघडायचं, सदस्याचा जोडीदार आला नाही तर त्याच्याबरोबर खेळायचं, स्वतः कितीही चांगलं खेळत असला तरी गेम रंगेल अशा बेतानं खेळायचं, आणि संध्याकाळी त्याच सदस्यांच्या मुलांना रॅकेट धरायला शिकवायचं. या खेळाचा आपल्याकडचा इतिहास लिहायचा तर तो अशा माणसांपासून लिहावा लागेल. त्याकडे मी येणारच आहे.

फरशीवर लाल रेघांचा एक टी आखलेला असतो. समोरच्या भिंतीपासून साधारण १८ फुटांवर आडवी रेघ, आणि तिच्या मध्यातून मागच्या भिंतीपर्यंत जाणारी उभी रेघ. दोन्ही मिळतात ते ठिकाण ज्याच्या ताब्यात, रॅली बहुधा त्याची. तिथून चारही कोपरे दोन-तीन पावलांवर येतात. स्क्वॉशमधला प्रत्येक फटका, मग तो भिंतीला घासून मागे जाणारा ड्राइव्ह असो, बाजूच्या भिंतीवरून फिरवलेला बोस्ट असो की समोर अलगद टाकलेला ड्रॉप, प्रतिस्पर्ध्याला टीवरून उठवण्यासाठी असतो. पण गंमत अशी की टीवर कुणालाच मुक्काम करता येत नाही. चेंडू कोपऱ्यात आहे, तिथं जावंच लागतं. जायचं, वाकायचं, मारायचं आणि परत यायचं. परत येईपर्यंत दुसरा तिथं उभा. मग त्याला उठवायचं.

टेनिसमध्ये, बॅडमिंटनमध्ये प्रतिस्पर्धी जाळीपलीकडे असतो. इथं तो त्याच फरशीवर, हाताच्या अंतरावर. त्याचा श्वास ऐकू येतो, त्याच्या घामावरून तुमचा पाय घसरू शकतो. म्हणून या खेळाच्या नियमांचा मोठा भाग वाट देण्याविषयीचा आहे. फटका मारून झाला की दुसऱ्याला चेंडूपर्यंत सरळ जाता आलं पाहिजे, त्याला रॅकेट पूर्ण फिरवता आली पाहिजे, समोरची भिंत त्याला मोकळी मिळाली पाहिजे. तुम्ही आड आलात तर पंच ‘लेट’ देतो, रॅली पुन्हा. आड आल्यामुळे त्याचा हुकमी फटका हुकला तर ‘स्ट्रोक’, थेट गुण त्याला. जिंकायचंही आहे आणि वाटेतून बाजूलाही व्हायचं आहे. लोकलच्या तिघांच्या बाकावर चौथा येऊन नुसता उभा राहतो आणि बसलेले तिघं काही न बोलता बोटभर सरकतात, ती समज इथं नियमात लिहिलेली आहे. काही खेळाडू हा नियम वाकवून मोठे झाले. थोडा खांदा आड ठेवायचा, अर्धं पाऊल उशिरा हलायचं. मला ते कधी मोठे वाटले नाहीत. वाट मोकळी करून देऊन जिंकणारा खेळाडू मी सज्ज्यातून पाहिला आहे, आणि त्या जिंकण्याची जात वेगळी असते.

त्या जिमखान्यात एक मुलगा यायचा, राष्ट्रीय स्पर्धांत खेळणारा. आमच्या मुलांची वेळ संपली की कोर्ट त्याचं. एकदा भाच्याची पिशवी आवरेपर्यंत मी सज्ज्यात थांबले होते. हा आत आला, दार लावलं, आणि चेंडू न घेताच खेळायला लागला. टीवरून उजव्या पुढच्या कोपऱ्यात झेप, खोल वाक, रॅकेट फिरली, परत टीवर. डावा मागचा कोपरा. परत टीवर. बाजूच्या भिंतीकडे उडी, हवेतच फटका, परत. याला घोस्टिंग म्हणतात हे मला नंतर कळलं. सुरुवातीला ते पाहणं अवघड जातं. माणूस रिकाम्या खोलीत रिकाम्या हवेला मारतो आहे. पण थोडा वेळ पाहत राहिलं की चेंडू दिसायला लागतो. तो कुठं गेला, कुठं टप्पा पडला, समोरच्यानं काय परतवलं असेल, सगळं त्या मुलाच्या मानेच्या वळण्यात असतं. दमला की तो रॅकेट गुडघ्यांवर टेकून उभा राहायचा, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा आणि पुन्हा सुरू करायचा. कुणी टाळी वाजवत नव्हतं, कुणी गुण मोजत नव्हतं.

व्यावसायिक स्क्वॉशपटूच्या आयुष्यात सामन्यांपेक्षा हे अधिक असतं. या खेळाचं जागतिक सर्किट पीएसए, म्हणजे प्रोफेशनल स्क्वॉश असोसिएशन, चालवते. वरच्या फळीचे खेळाडू काचेच्या कोर्टात, प्रकाशझोतात खेळतात. इजिप्तमध्ये तर गीझाच्या पिरॅमिडांसमोर कोर्ट उभारून स्पर्धा झाल्या आहेत. खालच्या फळीतलं जग निराळं. चॅलेंजर स्पर्धांची बक्षिसाची रक्कम काही हजार डॉलर, आणि तीही सगळ्यांत वाटली जाणारी. पहिल्या फेरीत हरलेल्याला मिळणाऱ्या पैशांत परतीचं विमान सोडाच, विमानतळापर्यंतची टॅक्सीही कधी कधी होत नाही. म्हणून खेळाडू हॉटेलऐवजी गावातल्या एखाद्या स्क्वॉशप्रेमी कुटुंबाकडे उतरतात. कॅनडातल्या, इंग्लंडातल्या कुणाच्या तरी पाहुण्यांच्या खोलीत, त्यांच्या मुलांच्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी, अंधेरीचा किंवा चेंबूरचा एखादा मुलगा उद्याच्या सामन्याचा विचार करत झोपलेला असतो. उरलेला खर्च निघावा म्हणून जर्मनीच्या बुंडेसलीगासारख्या युरोपी लीगमध्ये क्लबसाठी खेळायचं, शनिवार-रविवार गाडीनं इकडून तिकडे जायचं. क्रमवारीचे गुण वर्षभर टिकतात, मग गळून पडतात. गेल्या वर्षी जिंकलेली स्पर्धा यंदा पुन्हा जिंकली नाही तर माणूस काहीही वाईट न खेळता खाली घसरतो. इथंही टीवर मुक्काम नाहीच.

आणि शरीर. खोल वाकण्याच्या या खेळात कंबरेचा सांधा, गुडघा आणि घोटा एकेक करून हिशेब मागतात. तिशी ओलांडलेल्या खेळाडूच्या बॅगेत रॅकेटपेक्षा पट्ट्या आणि बर्फाच्या पिशव्या जास्त असतात.

या वाटेनं गेलेल्या मुंबईच्या माणसांत मला सगळ्यांत जवळचा वाटतो महेश माणगावकर. १९९४ साली मुंबईत जन्मलेला. कारकिर्दीच्या ऐन भरात तो जागतिक क्रमवारीत पहिल्या पन्नासांत होता. पन्नासावा म्हटलं की आपल्याला काही वाटत नाही. क्रिकेटमध्ये देशातल्या पहिल्या अकरांपलीकडचं नाव आपण विसरतो. पण सगळ्या जगातून, कैरोपासून कोलंबियापर्यंतच्या कोर्टांतून माणसं मोजत आलं आणि पन्नासाच्या आत हात आपल्या मुलावर थांबला, याचा अर्थ जरा निवांत बसून लावला पाहिजे.

त्याच्या नावावर आशियाई खेळांची दोन सांघिक सुवर्णपदकं आहेत, आणि मधल्या २०१८ च्या जकार्तातलं कांस्य. दोन सुवर्णांची गोष्ट मी मनातल्या मनात पुष्कळदा घोळवते.

पहिलं इंचॉनचं, २७ सप्टेंबर २०१४. सौरव घोषाल, हरिंदरपाल संधू, महेश आणि कुश कुमार असा संघ. सांघिक लढतीत तीन सामने असतात, दोन जिंकले की झालं. अंतिम फेरीत समोर मलेशिया. हरिंदरपालनं अझलान इस्कंदरला हरवलं, सौरवनं पाच गेमांत ओंग बेंग हीला हरवलं, आणि आशियाई खेळांतलं भारताचं स्क्वॉशमधलं पहिलं सुवर्णपदक आलं. तिसऱ्या सामन्याची गरजच पडली नाही. वीस वर्षांचा महेश अंतिम फेरीत कोर्टात न उतरता सुवर्णविजेता झाला.

दुसरं हांगझोऊचं, ३० सप्टेंबर २०२३. या वेळी अंतिम फेरीत पाकिस्तान, ज्यांच्याकडून भारत गटातच हरला होता. पहिला सामना महेशचा, नासिर इक्बालविरुद्ध. तो ०-३ हरला. मग सौरवनं मुहम्मद आसिम खानला तीन सरळ गेमांत हरवून बरोबरी साधली, आणि सगळं येऊन ठेपलं चेन्नईच्या अभय सिंगवर. त्याच्यासमोर नूर झमान, १९७५ साली ब्रिटिश ओपन जिंकणाऱ्या कमर झमानचा नातू. पाचवा गेम. अभय ८-१० असा मागे, म्हणजे आणखी एक गुण गेला की सुवर्ण पाकिस्तानचं. अभयनं दोन मॅच पॉइंट वाचवले, १२-१० असा गेम घेतला आणि रॅकेट हवेत भिरकावली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत अभयचं छायाचित्र होतं, आणि ते तसंच असायला हवं. पण मी पाहत होते मागच्या बाजूला. आपला सामना हरून बाकावर येऊन बसलेल्या खेळाडूच्या हातात नंतर काही उरत नाही. रॅकेट पिशवीत गेलेली असते, घाम वाळत असतो, आणि काचेपलीकडे दुसरेच दोघं आपल्या वाट्याचं नशीब खेळत असतात. एकदा न खेळता सुवर्ण, एकदा हरून सुवर्ण. कुणी म्हणेल, मग त्यात त्याचं काय? मला हा प्रश्न कोता वाटतो. त्या अंतिम फेरीपर्यंत संघ चौघांच्या पायांनी आला होता. पहिल्या सामन्याला कुणीतरी उतरायचं होतं, थंड कोर्टात, अजून जीव न आलेल्या लढतीत. तो उतरला. पदकाच्या चबुतऱ्यावर त्याची जागा इतर तिघांइतकीच रुंद होती, आणि तिच्यात कुणाची भीक नव्हती. विशीपासून तिशीपर्यंत एक माणूस देशाच्या संघात आपली जागा धरून राहिला. पुढच्या पिढ्या आल्या, क्रमवारी वरखाली झाली, तरी राहिला. कारकीर्द म्हणतात ती मला इथं दिसते.

नूर झमान हे नाव पेशावरचं, आणि पेशावर म्हटलं की मला मुंबईच आठवते. हाशिम खान पेशावरला ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या क्लबात चेंडू गोळा करणारा मुलगा होता. साहेब लोक उठून गेले की अनवाणी पायांनी खेळत शिकलेला. १९४४ साली तो मुंबईत आला आणि अखिल भारतीय स्पर्धा जिंकला. त्यानं हरवलेला खेळाडू होता अब्दुल बारी, त्याच्याच नात्यातला आणि मुंबईत रुजलेला. पुढची दोन वर्षंही हाशिमचीच. मग फाळणी झाली. हाशिम तिकडे, बारी इकडे. १९५० साली बारी लंडनला जाऊन ब्रिटिश ओपन खेळला. त्या काळी हीच या खेळाची अघोषित जागतिक स्पर्धा. तो थेट अंतिम फेरीत पोचला आणि इजिप्तच्या महमूद करीमकडून हरला.

ती बातमी पेशावरला पोचली. ज्याला आपण पुन्हापुन्हा हरवलं तो जगात दुसरा येतो, तर आपण कोण? पुढच्याच वर्षी, पस्तिशी उलटलेला हाशिम लंडनला गेला, त्यानं करीमला हरवलं, आणि ब्रिटिश ओपन एकूण सातदा जिंकली. त्याच्या मागून त्याचा भाऊ आझम आला, नात्यातला रोशन खान आला, रोशनचा मुलगा जहांगीर आला, आणि जहांगीरनं तर ती स्पर्धा लागोपाठ दहा वर्षं सोडली नाही. एवढ्या मोठ्या घराण्याचं दार उघडलं गेलं ते मुंबईच्या एका माणसाच्या अंतिम फेरीतल्या हरण्यानं. बारीचं नाव आज उपनगरातल्या कुठल्या कोर्टाच्या दारावर नाही. असायला हवं. आमच्याकडे रस्त्याच्या कोपऱ्याकोपऱ्याला नावांच्या पाट्या लागतात. एक पाटी त्याच्या वाट्याला यायला काय हरकत आहे?

बारीच्या पिढीनंतर मुंबईतून वेगळ्या घरांतली मुलं येत गेली. अनिल नायर हा मुंबईचा मुलगा १९६५ साली ब्रिटनचा ड्रायस्डेल कप, म्हणजे मुलांमधलं सर्वोच्च विजेतेपद, जिंकला, हार्वर्डला गेला आणि अमेरिकेचा राष्ट्रीय विजेताही झाला. तिथपासून एक पायवाट पडली, आणि आता तिचा जवळजवळ हमरस्ता झाला आहे. रॅकेट उत्तम असेल तर अमेरिकेच्या नामवंत विद्यापीठांत प्रवेशाला बळ मिळतं, हे पालकांना पक्कं ठाऊक असतं. सज्ज्यात माझ्या शेजारी बसणाऱ्या आया गुणांइतकीच चर्चा विद्यापीठांची करायच्या. मी त्याला नाव ठेवणार नाही. मुलाला चांगलं शिक्षण मिळावं म्हणून आईनं पहाटे पाचला उठून डबा भरणं ही आमच्याकडे पूजाच आहे. पण या वाटेवर बहुतेक मुलं पदवी घेऊन रॅकेट खुंटीला टांगतात, म्हणून जी टांगत नाहीत त्यांच्याकडे मी अधिक प्रेमानं पाहते. कोलकात्याचा रमित टंडन कोलंबिया विद्यापीठातून बाहेर पडून न्यूयॉर्कच्या वित्तसंस्थेत नोकरीला लागला होता. ती सोडून तो व्यावसायिक खेळाडू झाला. मुंबईचा वीर चोत्रानी येलमध्ये शिकला आणि तरीही सर्किटवर आला. २०१९ साली मकावला आशियाई ज्युनिअर स्पर्धेची मुलांची अंतिम फेरी दोन भारतीयांत झाली होती, हा वीर आणि गोव्याचा यश फडते. वीर जिंकला. गोव्याचा आणि मुंबईचा मुलगा आशियाच्या विजेतेपदासाठी एकमेकांना टीवरून उठवताहेत, ही कल्पनाही माझ्या लहानपणी कुणी केली नसती.

हांगझोऊच्या सुवर्णानंतर सोळाव्या दिवशी, १६ ऑक्टोबर २०२३ ला, या खेळाच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट घडली, आणि ती घडली आमच्या उपनगरात. वांद्रे-कुर्ला संकुलात, मिठी नदीच्या काठी, एके काळी जिथं दलदल होती तिथं उभ्या राहिलेल्या जिओ वर्ल्ड सेंटरमध्ये, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं १४१ वं अधिवेशन भरलं होतं. तिथं ठरलं की २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्क्वॉश असेल. २००५, २००९ आणि २०१३ साली या खेळानं दार ठोठावलं होतं आणि तिन्ही वेळा ते उघडलं नव्हतं. जहांगीर खानपासून मलेशियाच्या निकोल डेव्हिडपर्यंत पिढ्यांच्या पिढ्या ऑलिंपिकविना निवृत्त झाल्या. निकोलनं तर म्हटलं होतं की सगळी जागतिक विजेतेपदं एका ऑलिंपिक सुवर्णासाठी देऊन टाकीन. त्याच अधिवेशनात क्रिकेटही परत आलं, त्यामुळे आमच्या वर्तमानपत्रांत मथळे क्रिकेटचे, आणि स्क्वॉश दुसऱ्या परिच्छेदात, लॅक्रॉस आणि फ्लॅग फुटबॉलच्या रांगेत. त्या संध्याकाळी संकुलातून कुर्ला स्टेशनकडे निघालेल्या बसच्या रांगांत हजारो माणसं उभी होती. त्यांच्या पाठीमागच्या इमारतीत एका खेळाला जगात जागा मिळाली होती.

एक गोष्ट मात्र मला टोचते. ऑलिंपिकमध्ये फक्त एकेरी असणार आहे. पुरुषांची आणि महिलांची. सांघिक नाही. बाकावर बसून पदक मिळवणाऱ्या चौथ्या माणसाला तिथं जागा नाही. २०२८ ला महेश चौतीस वर्षांचा असेल. अभय, वीर, आणि मुलींमध्ये दिल्लीची अनाहत सिंग यांच्यासाठी ती वाट उघडली आहे, आणि तिच्यावरून त्यांनी लांब जावं असं मला मनापासून वाटतं.

आता कोर्टांचं काय? उपनगरात कोर्टं नाहीत असं म्हणायची सोय राहिलेली नाही. मुलुंड, कांदिवली, घोडबंदर, जिथं जिथं गिरण्या-कारखाने जाऊन टॉवर आले, तिथल्या प्रत्येक माहितीपत्रकात तरणतलावाच्या आणि व्यायामशाळेच्या खाली ‘स्क्वॉश कोर्ट’ छापलेलं असतं. ही पांढरी ६७२ फुटांची खोली बांधली जाते, दाखवली जाते, आणि मग तिथं कुणी फिरकत नाही. आमच्याही संकुलात आहे. गणेशोत्सवाच्या मंडपाचे बांबू, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चळती आणि एक मोडका ट्रेडमिल तिथं राहतात. पावसाळ्यात मुलं आत सायकल फिरवतात. या पसाऱ्यातून टीची लाल रेघ अजून स्पष्ट दिसते. चेन्नईनं एक्स्प्रेस अव्हेन्यू मॉलच्या मध्यभागी काचेचं कोर्ट उभारून तिथं स्क्वॉशचा विश्वचषक भरवला, खरेदीला आलेली माणसं पिशव्या हातांत घेऊन कठड्याला रेलून सामने पाहत होती. घाटकोपरच्या आर सिटीत तसं कोर्ट उभं राहिलं, मेट्रोतून उतरलेल्या मुलांनी जाता जाता थांबून पाहिलं, तर या खेळाचं उपनगरातलं भविष्य एका हिवाळ्यात बदलेल असं मला वाटतं. पण ते मोठ्या माणसांच्या हातात आहे. माझ्या हातात आमचं कोर्ट आहे.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी मी विषय दिला आहे. कोर्ट रिकामं करावं. दिवे बदलावेत, मागच्या भिंतीची ओल काढावी. खुर्च्या आणि बांबू पंपाच्या खोलीमागे हलवावेत, तिथं जागा आहे, मी मोजून आले. संध्याकाळी तासभर कोर्ट सगळ्यांना खुलं ठेवावं. त्यात सुरक्षारक्षकांची, वाहनचालकांची आणि घरकामाला येणाऱ्या बायकांची मुलंही आली. शिकवायला एक निवृत्त मार्कर तयार आहेत, त्यांचं मानधन वर्गणीतून द्यायचं. ठरावाला अनुमोदन तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी द्यायचं कबूल केलं आहे. एवढंच की बांबू गणपतीआधी हलवायचे नाहीत, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि ते मी ठरावात घालून घेतलं आहे.